संसदेतला कागद नेमका कुठे कमी होतो?

लोकसभेच्या एका दिवसाच्या कामकाजात २० तारांकित (तोंडी उत्तराचे) आणि २३० अतारांकित (लेखी उत्तराचे) प्रश्न यादीत असतात. म्हणजे एका दिवसाला अडीचशे उत्तरे. प्रत्येक उत्तर हिंदीत आणि इंग्रजीत, आणि बऱ्याच उत्तरांना राज्यवार किंवा जिल्हावार आकड्यांची जोडपत्रे. विधिमंडळ ‘पेपरलेस’ झाल्याची बातमी येते तेव्हा छायाचित्रात सदस्यांच्या बाकावरचे टॅबलेट दिसतात. पण बाक हे या साखळीचे शेवटचे टोक आहे. कागद वाढतो तो त्याच्या कितीतरी आधी, आणि तिथे तो कमी झाला नाही तर बाकावर काहीही ठेवले तरी फारसा फरक पडत नाही. हे नीट समजण्यासाठी एका प्रश्नाबरोबर सुरुवातीपासून चालत जाऊ.

समजा, विदर्भातल्या एका खासदाराला आपल्या जिल्ह्यातल्या रखडलेल्या पाणीपुरवठा योजनांबद्दल विचारायचे आहे. मंत्रालये पाच गटांत विभागलेली असतात आणि प्रत्येक गटाला सोमवार ते शुक्रवार यांपैकी एक वार ठरलेला असतो. त्यामुळे प्रश्न कोणत्या दिवशी लागणार हे आधी कळते. त्या दिवसाच्या किमान १५ पूर्ण दिवस आधी सूचना द्यावी लागते, आणि एका दिवसासाठी एका सदस्याला तारांकित, अतारांकित मिळून पाचच सूचना देता येतात. पूर्वी हे सगळे छापील नमुन्यावर व्हायचे. नमुना भरायचा, सही करायची, लोकसभा सचिवालयात नेऊन द्यायचा. तिथे वेळेचा शिक्का, नोंदवहीत नोंद, दिवसवार आणि मंत्रालयवार गठ्ठे. आता खासदार आपल्या लॉगिनने पोर्टलवर सूचना भरतात. वेळेची नोंद आपोआप होते आणि कोणाचा प्रश्न आधी लागणार हे ठरवणारी सोडत संगणक काढतो.

इथे वाचलेला कागद थोडाच आहे. वाचलेला वेळ मात्र मोठा आहे. मतदारसंघात बसलेल्या सदस्याला प्रश्न देण्यासाठी दिल्लीत माणूस ठेवावा लागत नाही. पहिल्यांदा निवडून आलेल्या, दूरच्या जिल्ह्यातल्या सदस्याला याचा उपयोग सर्वांत जास्त.

सूचना आली की सचिवालय ती नियमांत बसते का, हे तपासते. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले जातात. स्वीकारलेला प्रश्न मंत्रालयाकडे जातो, आणि इथून पुढे कागदाचा खरा पूर सुरू होतो. मंत्रालयाकडे जिल्ह्याची माहिती असतेच असे नाही. ते राज्याकडे विचारणा करते, राज्याचा विभाग जिल्ह्याकडे, जिल्हा तालुक्याकडे. माहिती त्याच पायऱ्यांनी वर येते. प्रत्येक पायरीवर कोणीतरी ती छापून घेते, खुणा करते, सही करून पुढे पाठवते, आणि पुढचा माणूस तेच आकडे पुन्हा टंकतो. मग मंत्रालयात मसुदा तयार होतो; तो अवर सचिव, उपसचिव, सहसचिव, सचिव आणि शेवटी मंत्री यांच्यापर्यंत चढतो. वाटेत झालेल्या प्रत्येक दुरुस्तीला नवी प्रत निघते. पाठोपाठ भाषांतर. तारांकित प्रश्न असेल तर मंत्र्यांसाठी संभाव्य उपप्रश्नांची वेगळी टिपणे, आणि ती मूळ उत्तराच्या कितीतरी पट जाड असतात.

म्हणून संसद डिजिटल करणे हे एकट्या संसदेच्या हातात नाही. मंत्रालयाची फाइल ई-ऑफिसवर चालत असेल, जिल्ह्याची आकडेवारी तक्त्याच्या रूपातच वर येत असेल आणि मसुद्यावरची दुरुस्ती पडद्यावर होत असेल, तर कागद कमी होतो. एरवी काय होते? कागदावर तयार झालेले उत्तर शेवटी स्कॅन करून पोर्टलवर चढवले जाते. साखळीतला सगळा कागद खर्च झालेला असतो आणि वर टॅबलेटचा खर्च वाढलेला असतो.

मंजूर झालेले उत्तर मंत्रालयाकडून सचिवालयात आले की छपाईची पाळी येते. लोकसभेत प्रश्नांच्या याद्यांना रंग ठरलेले आहेत: तारांकितांची यादी हिरव्या कागदावर, अतारांकितांची पांढऱ्या, अल्पसूचना प्रश्नांची फिकट गुलाबी आणि खासगी सदस्यांना विचारलेल्या प्रश्नांची पिवळ्या. गर्दीत, घाईत योग्य यादी हाताला लागावी, ही त्यामागची सोय. पडद्यावर ती सोय वेगळ्या मार्गाने, पण तितक्याच तत्परतेने मिळाली पाहिजे. आपला प्रश्न कितवा आहे, उत्तर कुठे आहे, जोडपत्र कुठे उघडते, हे सदस्याला एका क्षणात दिसले नाही तर तो साहाय्यकाला प्रिंट काढून आणायला सांगणार. त्यात त्याची चूक काहीच नाही. सभागृहात उभे राहून उपप्रश्न विचारायला काही सेकंदच मिळतात.

आणखी एक गोष्ट प्रणाली बांधणाऱ्यांना सांभाळावी लागते. मंत्र्याने सभागृहात उत्तर देण्याआधी किंवा ते पटलावर ठेवण्याआधी त्याला प्रसिद्धी देता येत नाही, असा लोकसभेचा नियम आहे. कागदाच्या काळात बंद पाकिटे आणि वाटपाची ठरलेली वेळ हा नियम सांभाळत. आता ते काम वेळेच्या कुलपाने करावे लागते: सदस्याला उत्तर आधी दिसेल, लोकांना ठरल्या वेळेनंतरच. ते कुलूप किती काटेकोर आहे यावर सभागृहाचा प्रणालीवरचा विश्वास अवलंबून असतो. २०२३ मध्ये लोकसभेतल्या एका सदस्याचे सदस्यत्व रद्द झाले. त्या प्रकरणाच्या केंद्रस्थानी प्रश्न भरण्याच्या पोर्टलचे लॉगिन दुसऱ्याला दिल्याचा मुद्दा होता. कागदी नमुन्यावरची सही दुसऱ्याने केली तर ती ओळखता तरी येई. पासवर्ड कोणी वापरला हे पडद्यावर दिसत नाही. प्रश्न हा लोकप्रतिनिधीचा अधिकार आहे. तो त्यानेच वापरला, याची खात्री देणारी व्यवस्था डिजिटल सभागृहाच्या पायातच हवी.

हे सगळे भारतात पहिल्यांदा एका लहान विधानसभेने करून दाखवले. ४ ऑगस्ट २०१४ रोजी हिमाचल प्रदेशाची विधानसभा ‘ई-विधान’वर गेली. सदस्यांच्या बाकांवर पडदे आले. प्रश्न, उत्तरे, विधेयके आणि पटलावर ठेवायचे अहवाल त्यांवर उघडू लागले. हिमाचलचे उदाहरण मला महत्त्वाचे वाटते, कारण त्या विधानसभेची अधिवेशने सिमल्याबरोबर धर्मशाळेजवळच्या तपोवनातही भरतात. डोंगरी रस्त्यांवरून कागदांचे गठ्ठे नेण्याची गरज जिथे सगळ्यांत जास्त जाणवते, तिथेच हे आधी झाले.

हिमाचलच्या अनुभवातून केंद्राच्या संसदीय कार्य मंत्रालयाने ‘नेवा’ म्हणजे नॅशनल ई-विधान ॲप्लिकेशन ही सर्व विधिमंडळांसाठीची समाईक प्रणाली पुढे आणली. खर्चाची वाटणी केंद्र ६० टक्के, राज्य ४० टक्के अशी आहे. ईशान्येकडील आणि डोंगरी राज्यांसाठी केंद्राचा वाटा ९० टक्के. माहिती राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या ‘मेघराज’ या क्लाउडवर राहते. मार्च २०२२ मध्ये नागालँडच्या ६० सदस्यांच्या विधानसभेने ही प्रणाली सर्वांत आधी पूर्णपणे वापरात आणली. या योजनेतली मला सर्वांत समंजस वाटणारी तरतूद पडद्यांची नाही, प्रशिक्षणाची आहे: प्रत्येक विधिमंडळात ‘नेवा सेवा केंद्र’, जिथे सदस्य आणि कर्मचारी शिकू शकतात, अडले तर विचारू शकतात. सत्तरी ओलांडलेल्या ज्येष्ठ सदस्याला टॅबलेट देऊन मोकळे होणे हा त्या सदस्यावर अन्याय आहे, आणि त्याच्या मतदारसंघावरही.

आता पर्यावरणाचा हिशेब. इथे घाई केली की चुकीची उत्तरे निघतात, म्हणून सावकाश पाहू.

नेहमीचा ए-४ आकाराचा, चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा एक कागद साधारण ५ ग्रॅमचा असतो. ५०० कागदांचे एक रीम अडीच किलोचे. दहा पानांचा एक दस्तऐवज दोन्ही बाजूंनी छापून हजार प्रती काढल्या तर ५,००० कागद लागतात, म्हणजे १० रीम, २५ किलो. अधिवेशनात असे दस्तऐवज रोज अनेक निघतात, आणि अर्थसंकल्प, विभागांच्या मागण्या, लेखापरीक्षकांचे अहवाल हे दहा पानांचे नसतात. कागदाचा प्रकार आणि कारखान्याचे इंधन यांवर आकडा बदलतो, पण एक किलो कागदामागे ढोबळमानाने एक किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड धरता येतो.

दुसऱ्या बाजूला टॅबलेट. त्याच्या वाट्याचा बहुतेक कार्बन तो आपण चालू करण्याआधीच खर्च झालेला असतो: खाणीत, चिपच्या कारखान्यात, वाहतुकीत. एका टॅबलेटसाठी हा आकडा काही दहा किलोंपासून शंभर किलोंपर्यंत जातो. सोयीसाठी ८० किलो धरू. म्हणजे एका सदस्याचा ८० किलो कागद, ३२ रीम, वाचला की टॅबलेटची भरपाई झाली. पाच वर्षांच्या कार्यकाळात एका खासदाराच्या वाट्याला याहून बराच जास्त छापील मजकूर येतो. तेव्हा हिशेब टॅबलेटच्या बाजूने लागतो, यात मला शंका नाही.

पण त्याला अटी आहेत. टॅबलेट पूर्ण पाच वर्षे चालला पाहिजे आणि कार्यकाळ संपल्यावर सचिवालयाकडे परत आला पाहिजे. दर दोन वर्षांनी नवे मॉडेल आणि जुने भेट म्हणून घरी, असे झाले तर सगळी बचत तिथेच संपते. बॅटरी बदलता येईल असेच यंत्र निविदेत मागितले पाहिजे. निकामी झालेले यंत्र ई-कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे गेले पाहिजे. आणि सर्वांत महत्त्वाची अट अशी की छपाई खरोखर थांबली पाहिजे. संक्रमणाच्या नावाखाली दोन्ही पद्धती वर्षानुवर्षे समांतर चालल्या, तर कागदही खर्च होतो आणि यंत्रही. मागेल त्याला छापील प्रत, न मागणाऱ्याला नाही, आणि कोणी किती मागितल्या याची दर अधिवेशनाला प्रसिद्ध होणारी नोंद, एवढे झाले तरी पुरे आहे.

छपाई कायमची थांबवायची तर कायद्याचा आधार लागतो, हे राजपत्राच्या उदाहरणावरून कळते. केंद्र सरकारने १ ऑक्टोबर २०१५ पासून भारताचे राजपत्र छापणे बंद केले. हे शक्य झाले कारण माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ८ ने इलेक्ट्रॉनिक राजपत्राला छापील राजपत्राइतकीच मान्यता दिलेली होती. प्रत अधिकृत कोणती, हा प्रश्न मिटला की छपाई आपोआप मिटते. अर्थसंकल्पाचेही असेच. १ फेब्रुवारी २०२१ रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी टॅबलेटवरून अर्थसंकल्प वाचला. बातमी टॅबलेटची झाली, पण मोठा बदल नॉर्थ ब्लॉकच्या तळघरात होता: तिथल्या छापखान्यात एरवी होणारी अर्थसंकल्पाच्या प्रतींची छपाई त्या वर्षी झाली नाही. दस्तऐवज ॲपवर सदस्यांना आणि नागरिकांना एकाच दिवशी मिळाले.

विधेयकांच्या बाबतीत मात्र वेगाचा एक धोका आहे. विधेयक मांडण्याच्या किमान दोन दिवस आधी त्याच्या प्रती सदस्यांना मिळाव्यात, असा लोकसभेच्या अध्यक्षांचा निर्देश आहे. अध्यक्ष त्यात सूट देऊ शकतात. प्रती एका क्षणात पोहोचतात तेव्हा हे दोन दिवस अनावश्यक वाटू लागतात. पण ते दिवस टपालासाठी नसून वाचण्यासाठी आहेत. शंभर कलमांचे विधेयक मध्यरात्री अपलोड करून सकाळी मांडले, तर एकही कागद खर्च होणार नाही, आणि त्यावर धड चर्चाही होणार नाही. डिजिटल पद्धत आणताना सूचनांच्या मुदती आहेत तशाच ठेवायला हव्यात. शक्य तिथे त्या वाढवायला हव्यात.

कागद कुठे ठेवावा, याचेही उत्तर संसदेनेच दिलेले आहे. लोकसभेत मतनोंदणीचे यंत्र १९५७ पासून आहे. तरीही २० सप्टेंबर २०२३ रोजी, नव्या इमारतीतल्या दुसऱ्याच दिवशी, महिला आरक्षणाचे विधेयक चिठ्ठ्यांवर मत घेऊन मंजूर झाले: बाजूने ४५४, विरोधात २. यंत्राने मत देण्यासाठी लागणारे, आसनांनुसारचे विभागणी क्रमांक सदस्यांना तोवर दिलेले नव्हते. १७ डिसेंबर २०२४ रोजी ‘एक देश, एक निवडणूक’ विधेयक मांडण्यावर नव्या सभागृहात पहिल्यांदा यंत्राने मत घेतले गेले. फलकावर २२० विरुद्ध १४९ असे आकडे आले. ज्यांचे मत नोंदले गेले नव्हते किंवा चुकीचे नोंदले गेले होते त्यांनी चिठ्ठ्या दिल्या, आणि अंतिम आकडा २६९ विरुद्ध १९८ झाला. सुमारे शंभर मते चिठ्ठ्यांमुळे जमेस आली. अशा घटनादुरुस्तीच्या वेळी प्रत्येक मत मोलाचे असते. तिथे चिठ्ठीचा कागद वाचवण्याचा विचारसुद्धा कोणी करू नये. वाद झाला तर हातात धरून मोजता येईल, सही ताडून पाहता येईल असा पुरावा ज्या ज्या ठिकाणी लागतो, तिथे कागद हक्काने राहावा.

आता कागदापलीकडे जाऊ, कारण कोणत्याही संसदेच्या कार्बनचा मोठा हिस्सा कागदात नसतोच. तो इमारत थंड ठेवण्यात आणि माणसांच्या प्रवासात असतो. पावसाळी अधिवेशन दिल्लीच्या जुलै-ऑगस्टच्या उकाड्यात भरते. देशाच्या ग्रिडमधून येणाऱ्या विजेच्या एका युनिटमागे आजही सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड आहे. तेव्हा वातानुकूलन एक-दोन अंशांनी वर ठेवणे, रिकामी दालने बंद करणे आणि छतावर सौरपटल बसवणे यांचा परिणाम कित्येक रीम कागदाहून मोठा असतो. दिल्ली विधानसभेने ऑगस्ट २०२५ मध्ये नेवा आणि ५०० किलोवॉटचा सौरप्रकल्प एकाच वेळी सुरू केला. ही जोडी योग्य आहे: पडदे वाढले की वीज वाढते, म्हणून विजेचा स्रोतही त्याच वेळी बदलला पाहिजे.

प्रवासाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. एप्रिल २०२० मध्ये ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्सने सभागृहात ५० आणि पडद्यावर १२० सदस्य अशी सोय केली. आपल्याकडे त्याच काळात संसदीय समित्यांना दूरदृश्य बैठकांची परवानगी मिळाली नाही. समित्यांचे कामकाज गोपनीय असते, हे कारण होते. सभागृहाच्या चर्चेबाबत मी प्रत्यक्ष उपस्थितीच्या बाजूने आहे. मंत्र्याला उभे राहून, समोर बसलेल्यांच्या नजरेला नजर देऊन उत्तर द्यावे लागते, यातच संसदेची ताकद आहे. पण समितीपुढे अर्ध्या तासाच्या साक्षीसाठी चंद्रपूरहून किंवा ऐझॉलहून अधिकाऱ्यांचे पथक दिल्लीला विमानाने यावे, याची गरज नाही. सुरक्षित सरकारी जोडणीवर अशा साक्षी घेण्याची मुभा नियमांत आणता येईल.

प्रवासाचा विषय निघाला की महाराष्ट्राला नागपूर आठवतेच. १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाला शब्द दिला की वर्षातून किमान एक अधिवेशन नागपुरात होईल. त्यासाठी दर हिवाळ्यात मंत्रालयाचा मोठा भाग मुंबईहून तिकडे जातो, फाइलींचे गठ्ठे आणि कर्मचारी घेऊन. युरोपीय संसदेचेही असेच: वर्षातली १२ पूर्ण अधिवेशने स्ट्रासबुर्गला घेणे करारानेच बंधनकारक आहे, आणि ब्रुसेल्सहून सदस्यांच्या कागदपत्रांच्या पेट्या ट्रकमधून तिकडे जात आल्या आहेत. युरोपच्या लेखापरीक्षकांनी २०१४ मध्ये अंदाज केला की सगळे कामकाज ब्रुसेल्सला नेले तर वर्षाला सुमारे ११.४ कोटी युरो वाचतील. तिथे हा आकडा स्ट्रासबुर्ग बंद करण्यासाठी वापरला जातो.

नागपूरबाबत हा युक्तिवाद मला मान्य नाही. अधिवेशन नागपुरात होणे हा विदर्भाला दिलेला शब्द आहे, आणि मंत्री वर्षातून एकदा तरी तिथल्या मोर्चाला सामोरे गेले पाहिजेत. हलायला हवेत ते मंत्री, आमदार आणि निर्णय घेणारे अधिकारी. फाइली, छापील प्रश्नोत्तरांचे गठ्ठे आणि ते सांभाळण्यासाठी येणारा मोठा कर्मचारीवर्ग यांना हलण्याचे कारण उरलेले नाही. विभागाची फाइल मुंबईतल्या मेजावरून नागपूरच्या पडद्यावर उघडत असेल, तर नागपूरचे अधिवेशन स्वस्त आणि हलके होते. मग ‘खर्च फार होतो’ या कारणासाठी ते दोन आठवड्यांवरून एकावर आणण्याचे निमित्तही जाते.

साखळीचे आणखी एक टोक आहे: तुम्ही आणि मी. पाणीयोजनांच्या त्या प्रश्नाचे उत्तर दुपारपर्यंत संसदेच्या संकेतस्थळावर येते. पण ते स्कॅन केलेल्या चित्राच्या रूपात असेल तर त्यात शोध घेता येत नाही, आकडे उचलून तक्ता करता येत नाही, आणि अंध वाचकाच्या संगणकाला ते वाचून दाखवता येत नाही. मराठीत ही अडचण जुनी आहे. सरकारी कार्यालयांत वर्षानुवर्षे ‘सुरेख’सारख्या जुन्या फॉन्टांत टंकलेला मजकूर युनिकोडमध्ये नसल्यामुळे शोधात सापडत नाही. डिजिटल विधिमंडळाच्या निविदेत यंत्रांची संख्या लिहिलेली असते. त्याबरोबर ‘प्रत्येक उत्तर युनिकोडमध्ये, जोडपत्रे उघडता येणाऱ्या तक्त्यांत’ हे वाक्यही असायला हवे. त्याला जवळजवळ काही खर्च नाही.

तोवर जे उपलब्ध आहे ते वापरता येते. संसदेच्या संकेतस्थळावर लोकसभा निवडा, प्रश्नोत्तरांच्या विभागात जा, मंत्रालय निवडा आणि विषयाचा एखादा शब्द टाका. आपल्या खासदाराच्या नावानेही शोधता येते. आपल्या जिल्ह्याबद्दल सरकारने सभागृहात काय लेखी सांगितले आहे, ते तारखेसह समोर येते. उत्तरातला आकडा गावातल्या परिस्थितीशी जुळत नसेल, तर उत्तराचा क्रमांक आणि तारीख टिपून खासदाराच्या कार्यालयाला पाठवा. पुढच्या अधिवेशनाच्या सूचनेसाठी त्यांना १५ पूर्ण दिवस लागतात, हे लक्षात ठेवून ते वेळेवर पाठवा.